साखळी कामून तुटते?

मागच्या दिवाळीनंतर एका रात्री लातूरहून भाच्याचा फोन आला. कॉलेजचा कबड्डी संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच दिवशी बाहेर पडला होता. हा डावा कोपरा खेळतो. यंदा पहिल्यांदाच त्याला संघात घेतलं होतं.

"मामा, चढाईत आपण बरोबरीला होतो. पकडीत गेलो. सगळे म्हणायलेत कोपऱ्यामुळं गेलो."

मी म्हटलं, अरे एखादा सामना जातो.

"एखादा न्हाई. गेल्या वर्षी पण पकडीतच गेला म्हणे, त्याच्या आधी पण. तेव्हा तर मी नव्हतो. मग कामून हरायलोय आपण?"

मला काही उत्तर देता आलं नाही. मग ताईने फोन घेतला आणि म्हणाली, तूच सांग त्याला आता खेळ बंद करायला, तुझं ऐकतो तो. मी हो-नाही काहीतरी बोलून फोन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात फिरत राहिला, कारण तो मला नवा नाही. मीही नांदेडला एका कॉलेजकडून तीन वर्षं खेळलोय. डावा इन. म्हणजे डाव्या कोपऱ्याचा हात धरून उभा राहणारा.

तर ताई, हे थोडं लांबलचक उत्तर तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तर आनंदच आहे.

कबड्डी ज्यांनी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. मधल्या रेषेने त्याचे दोन भाग होतात. एका बाजूला सात जण. चढाई करणारा एकटा येतो, 30 सेकंदांत काय ते करून परत जातो. समोरचे सात जण अर्धगोलात उभे असतात: दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आत दोन इन, मग दोन कव्हर आणि मध्ये एक. हात हातात धरून जोड्या बांधतात, तीच साखळी. कोपरा घोट्याला हात घालतो. पण घोटा धरला म्हणजे पकड झाली असं नसतं. त्याच क्षणी इनने आत यायचं, कव्हरने परतीची वाट बंद करायची. अर्धा सेकंद उशीर झाला तर चढाईवाला कोपऱ्याला फरफटत घेऊन मधल्या रेषेला बोट लावतो आणि ज्याचा ज्याचा हात लागला ते सगळे बाद.

चढाईवाल्याचं काम सगळ्यांना दिसतं. जत्रेतल्या सामन्यात एखाद्याने दोन-तीन गडी मारले की लोक रिंगणातून आत येऊन त्याच्या हातात नोट देतात. आमच्याकडे कव्हरला कुणी नोट दिलेली मी पाहिली नाही. फार तर "धरला!" एवढी आरोळी. तीही संघाला. कुणा एकाला नाही.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं अगदी हेच रडगाणं आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या वेळी पुढच्या ओळीत पाच धिप्पाड पोरं असतात. त्यांनी चेंडू हातात घ्यायचाच नसतो जवळजवळ. मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला कुणी आडवं करू नये म्हणून समोरच्यांना अडवायचं, एवढंच काम. संघ जिंकला की क्वार्टरबॅकचा फोटो, हरला की ओळ वाईट. त्यात 2018 पासून खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं खूप सोपं झालंय, त्यामुळे ओळ एका जागी टिकतच नाही, असं त्याचं म्हणणं. माणसं तगडी असतात पण एकमेकांची सवय नसते.

हा सवय शब्द मी धरून ठेवला आणि कागद घेऊन एक साधा हिशोब केला. साखळीत सात जण. प्रत्येकाची दुसऱ्याशी जोडी मोजली तर सातांच्या 21 जोड्या होतात. डावा कोपरा आणि उजवा कव्हर हेसुद्धा एकमेकांच्या डोळ्यांकडे बघून हलत असतात, म्हणून सगळ्या जोड्या मोजायच्या. आता पदवी तीन वर्षांची. दरवर्षी सातातले दोन जण तरी जाणार. राहिले पाच, त्यांच्या जोड्या 10. म्हणजे दोनच पोरं गेली पण 21 पैकी 11 जोड्या मोडल्या! तीन गेले तर चार उरतात आणि जोड्या फक्त 6. चढाईवाला बदलला तर एक माणूस बदलतो. साखळीतले दोन बदलले तर अर्ध्याहून जास्त साखळी बदलते.

पण हा हिशोब तर सगळ्याच कॉलेजांना लागू आहे. मग आमचीच साखळी जास्त का तुटते? इथे मला थोडं मागे जावंसं वाटतं.

आज आपण खेळतो ती नियमांची कबड्डी घडली ती सातारा, पुणे, बडोदा या भागात. हुतूतूला नियमात बसवण्याचे पहिले प्रयत्न 1918 च्या सुमाराला साताऱ्याकडे झाले. 1923 साली बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवल्या. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. या सगळ्या काळात आपण कुठे होतो? आपण निजामाच्या राज्यात होतो. 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झालो, 1956 ला मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्रात. नांदेडचं पीपल्स कॉलेज 1950 चं. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते औरंगाबादला 1958 साली झालं. विद्यापीठांच्या अधिकृत खेळांत कबड्डी आली 1961 मध्ये, म्हणजे आपलं विद्यापीठ तेव्हा तीन वर्षांचं. लातूरचं दयानंद कॉलेज त्याच वर्षीचं, राजर्षी शाहू 1970 चं. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ व्हायला 1994 उजाडलं.

हुतूतू आपल्याकडे नव्हता असं कुणी समजू नये. माझे आजोबा कंधार तालुक्यात ओढ्याच्या वाळूत खेळलेले. पण गावातला खेळ आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारा क्लब या दोन वेगळ्या गोष्टी. मुंबईत लालबाग-परळला चाळीतली पोरं एकाच मंडळाकडून खेळायची. पुढे त्यातली कितीतरी एकाच गिरणीत, एकाच बँकेत, रेल्वेत लागायची आणि तिथेही एकत्र खेळायची. एकाच माणसाचा हात दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं धरलेला. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वे आणि सेनादल इतकी वर्षं का पुढे असतात याचंही मला तेच कारण वाटतं. नोकरीच त्यांना एकत्र ठेवते. महाराष्ट्राने जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला पुरुषांचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं ते 11 वर्षांनी. अंतिम सामन्यात समोर होतं सेनादलच.

आपल्याकडे अशी एकत्र ठेवणारी नोकरी कुठली? नांदेडला उस्मानशाही मिल होती, तीही बंद पडली. आपल्याकडे नोकरी म्हणजे गाव सोडणं. आणि नोकरी नसली तरी गाव सोडणंच.

आता माझी गोष्ट सांगतो. ती आजपर्यंत घरात कुणाला सांगितलेली नाही.

पहिली दोन वर्षं आमचा डावा कोपरा मुखेडकडचा एक मुलगा होता. अंगाने किडकिडीत, पण घोट्याला हात घातला की सुटका नाही. माझा डावा हात दोन वर्षं त्याच्या उजव्या हातात म्हणा ना. आम्हाला बोलावं लागायचं नाही. तिसऱ्या वर्षी, 1998 मध्ये, दिवाळी झाली आणि तो परत आलाच नाही. घरचे ऊसतोडीला निघाले होते, थोरल्या भावाचं त्याच वर्षी लग्न होऊन तो वेगळा झालेला, कोयत्याला जोडी कमी पडत होती. हा गेला पश्चिम महाराष्ट्रात, एका कारखान्याच्या फडावर.

त्या वेळी मला हे फक्त दुर्दैव वाटलं. आज बघताना दिसतं की कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि कॉलेजच्या स्पर्धाही दिवाळीच्या आगेमागेच असतात. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागातून माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर पडतात ती याच दिवसांत. कॉलेजच्या साखळीत नेमकी याच गावांतली पोरं असतात. मातीत लोळायची सवय असलेली.

त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा एक मुलगा आला. चांगला होता. कदाचित आधीच्यापेक्षा ताकदीने जास्तच. चार आठवडे सराव झाला. त्यातला एक आठवडा पावसाने खाल्ला, कारण आमचं मैदान काळ्या मातीचं. पाऊस पडला की पायाला दोन-दोन किलो चिखल, ऊन पडलं की भेगा. वरून मुरूम-माती आणून, चाळून टाकायची तर पैसे कोण देणार.

उपांत्य सामन्यात शेवटची दोन मिनिटं होती. आम्ही एका गुणाने मागे. त्यांचा चढाईवाला डावीकडे आला, बोनस रेषेकडे पाय टाकला, आणि नव्या पोराने झेप घेऊन घोटा धरला. मी तयार नव्हतो. हात सुटला, मी अर्धा सेकंद उशिरा आत गेलो, चढाईवाल्याने आम्हा दोघांनाही ओढत रेषा गाठली. दोन गुण गेले. तीन गुणांनी हरलो.

परतीच्या बसमध्ये मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढे कधीच खेळला नाही. मी मात्र कित्येक वर्षं मित्रांमध्ये ही गोष्ट "कोपऱ्याने घात केला" अशीच सांगत आलो.

भाच्याच्या फोननंतर मी त्याचा नंबर शोधला. दोन-तीन जणांकडून मिळाला. लावायला आठवडा गेला. शेवटी लावला. ओळख सांगितली तर म्हणाला, "हाव दादा, वळखलो की." इकडचं तिकडचं झालं. मग मी त्या सामन्याचा विषय काढला आणि माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तुम्ही लोक हात दोनदा दाबायचे म्हणे, झेप घ्यायच्या आधी. ते मला नंतर कळलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं की."

मी फोन धरून तसाच बसलो.

खरं होतं ते. मी आणि जुना कोपरा, आम्ही दोन वर्षांत ती खूण बसवली होती. त्याने माझा हात दोनदा दाबला की झेप. इतकी सवयीची झाली होती की ती खूण आहे हेसुद्धा मी विसरलो होतो. सरांना माहीत नव्हती. कुठे लिहिलेली नव्हती. कोपरा ऊसतोडीला गेला तेव्हा त्याच्या बाजूची खूण त्याच्याबरोबर गेली आणि माझ्या बाजूची माझ्याकडे पडून राहिली. त्या दिवशी मी दोनदा दाबण्याची वाट बघत होतो. नव्या पोराला ते माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे हे उत्तर आहे. ताकद कमी पडते म्हणून आपली साखळी तुटत नाही. दरवर्षी आपल्याकडची माणसं जातात आणि त्यांच्याबरोबर शिकलेलंही जातं, म्हणून तुटते. मागे राहिलेल्याला वाटतं नव्याला येत नाही, आणि नव्याला वाटतं आपल्यातच खोट आहे.

आता ताई, तुझा मुद्दा. खेळ बंद करायला सांग, अभ्यास बुडतो. मी तुझ्या बाजूने विचार केला नाही असं नाही. लातूर पॅटर्नने काय केलं ते मी पुण्यात राहून रोज बघतो. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची, शिक्षकांची पोरं डॉक्टर-इंजिनियर झाली ती त्यामुळेच. त्याला कोण नावं ठेवणार? त्याबरोबर अकरावी-बारावीची दोन वर्षं, म्हणजे साखळी बसण्याचं नेमकं वय, पहाटेच्या शिकवणीत जातं हेही खरं. कॉलेजात येईपर्यंत पोराने तीन-तीन वर्षं कुणाचा हात धरलेला नसतो.

पण तो पॅटर्न होता तरी काय? सुट्ट्यांतही चालणारे जादा तास, प्रश्नसंच, त्याच त्या प्रकारच्या चाचण्या पुन्हा पुन्हा, आणि एका विषयाचे शिक्षक एकत्र बसून मुलं कुठे चुकतात ते बघणार. एखादा हुशार मुलगा बोर्डात येणं पूर्वीही व्हायचं. तो योगायोग न राहता व्यवस्था व्हावी म्हणून हे सगळं. शाहू कॉलेजचे प्राचार्य राहिलेले जनार्दन वाघमारे सरच पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे माणसं बदलली तरी शिकवण टिकली पाहिजे ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. वर्गात आपण ती जगाला दाखवून दिली. मैदानावर मात्र अजून एखाद्या मुखेडच्या पोराच्या हाताची वाट बघत बसतो.

बाहेर कुणी हे केलं नाही का? केलंय. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून 27-18 असे हरले. 1990 पासून एकदाही न सोडलेलं सुवर्ण गेलं. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामनाही इराणने 27-24 असा जिंकला. आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक कोण होत्या, तर नाशिकच्या शैलजा जैन! आपल्याच मातीतली शिकवण त्यांनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेतल्या मुलींच्या हातात बसवली. त्याच वर्षी प्रो कबड्डीच्या लिलावात एक कोटीची बोली लागलेला पहिला खेळाडू इराणचा फजल अत्राचली होता, आणि तो चढाईवाला नव्हे, डावा कोपरा. हे भाच्याला मुद्दाम सांगायचं आहे. 2023 ला हांगझोमध्ये भारताने दोन्ही सुवर्णं परत मिळवली, पण पुरुषांच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा इराणच होता.

मी काही प्रशिक्षक नाही, पण भाच्याला दोन गोष्टी सुचवल्यात. एक दोनशे पानी वही घे. तुमच्या संघातल्या सगळ्या खुणा, कोण कुणाच्या कुठल्या बाजूला उभा राहतो, कुणाला अर्धा सेकंद उशीर होतो, सगळं लिही. जाताना ती वही पुढच्या कोपऱ्याला दे. आणि ज्या पोरांना दिवाळीनंतर गाव सोडावं लागणार आहे त्यांच्याबरोबर उन्हाळ्यात, ते परत आल्यावर, गावातच सराव कर. तेव्हा काळी माती भेगाळलेली असेल, पण ओढ्यात वाळू असते. आजोबा तिथेच खेळले होते.

ताई, एक वर्ष अजून खेळू दे त्याला. अभ्यासाचं मी बघतो, दर रविवारी फोनवर विचारीन. आज तो सोडून गेला तर "कोपऱ्यामुळं हरलो" हे वाक्य जन्मभर बरोबर घेऊन जाईल. एका पोराला मी ते वाक्य पंचवीस वर्षांहून जास्त वागवायला लावलं.

फोन ठेवताना तो जुना नवा कोपरा म्हणाला, "दादा, माझा पोरगा आठवीला हाय. खेळतोय. कव्हर." मी म्हटलं, भाच्याचा नंबर देतो, बोलू दे दोघांना. त्याने लिहून घेतला.

परवा भाच्याचा मेसेज आला. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो होता. अक्षर भयंकर. वर लिहिलं होतं: दोनदा दाबलं की झेप.